मूरेआ बेटावरची पार्टुला गोगलगाय दहा वर्षांत कशी संपली: सोलापूरच्या शंखीग्रस्त शिवारासाठी एक प्रकरण अभ्यास

बार्शी ओलांडली की धाराशिव-लातूरचा सोयाबीन पट्टा सुरू होतो. २०२२ च्या पावसाळ्यात या पट्ट्यात आणि बीड जिल्ह्यात शंखी गोगलगायींनी नुकतं उगवून आलेलं सोयाबीन रातोरात कुरतडून टाकलं आणि अनेकांवर दुबार पेरणीची वेळ आली. सोलापूर जिल्ह्यात पाऊस कमी, वर्षाला साडेपाचशे मिलीमीटरच्या आसपास. तरी शंखीला जे जे लागतं ते बागायती भागात सगळं हजर आहे: कालव्याचं आणि ठिबकचं पाणी, उसाचं पाचट, डाळिंबाखालचा ओला पालापाचोळा, दिवसा दडून बसायला दगडी बांध, आणि कवच घडवायला चुनखडीची जमीन. अशा वेळी ‘शंखीला खाणारी दुसरी गोगलगाय असते म्हणे, ती आणून सोडली तर?’ हा विचार मनात येणं साहजिक आहे.

तशी गोगलगाय खरोखर आहे. पॅसिफिक महासागरातल्या बेटांवर ती सरकारी खर्चाने सोडलीही गेली. त्यानंतर तिथे काय झालं, कोणत्या क्रमाने झालं आणि का झालं, हे इथे तपशिलात मांडलं आहे. शेवटी सोलापूरच्या शेतात काय करता येतं तेही दिलं आहे.

बेट आणि तिथली मूळ गोगलगाय

फ्रेंच पॉलिनेशियातल्या सोसायटी बेटांपैकी मूरेआ हे ताहितीच्या शेजारचं छोटं बेट. क्षेत्रफळ सुमारे १३४ चौरस किलोमीटर. सोलापूर महापालिकेची हद्दसुद्धा याहून मोठी आहे. ज्वालामुखीतून वर आलेलं असल्यामुळे मधोमध उभे कडे, खोल दऱ्या आणि दाट ओलं जंगल. सर्वांत उंच शिखर १,२०७ मीटर.

या जंगलात झाडांच्या पानांवर राहणाऱ्या पार्टुला गोगलगायींच्या सात जाती होत्या. संपूर्ण सोसायटी बेटसमूहात पार्टुलाच्या ६१ जाती नोंदल्या गेल्या होत्या, आणि बहुतेक जाती एकेका बेटापुरत्या, काही तर एखाद्या दरीपुरत्या. कवच एक ते दोन सेंटिमीटर. दिवसा पानाच्या खालच्या बाजूला चिकटून राहायचं आणि रात्री कुजत चाललेली पानं, त्यांवरची बुरशी आणि शेवाळ खायचं, हा तिचा क्रम. जिवंत, हिरव्या पिकाला तिचा उपद्रव नव्हता.

जीवशास्त्रात या गोगलगायींना मोठा मान होता. अमेरिकेचे हेन्री क्रॅम्प्टन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून त्यांचा दरीदरीने अभ्यास केला आणि मूरेआवरचा ग्रंथ १९३२ मध्ये प्रसिद्ध केला. १९६० च्या दशकापासून ब्रायन क्लार्क, जेम्स मरे आणि मायकेल जॉन्सन यांनी तेच काम पुढे नेलं. एका जातीच्या दोन जाती कशा होतात, हे जिथे चालू अवस्थेत पाहता येईल अशा जगातल्या मोजक्या जागांपैकी मूरेआ ही एक होती. पार्टुला सुतुरालिस या जातीत तर काही गोगलगायींचं कवच उजव्या वळणाचं आणि काहींचं डाव्या वळणाचं असे. हा फरक वरवरचा नाही: वळण उलट असेल तर जोडी जमणंच अवघड होतं, म्हणजे एका जातीचे दोन गट वेगळे पडायला ही एकच बाब पुरेशी ठरू शकते.

संपूर्ण प्रकरण समजून घ्यायला पार्टुलाच्या प्रजननाचा तपशील सर्वांत महत्त्वाचा. ती अंडी घालत नाही. पोटातच वाढलेलं एक पिल्लू जन्माला घालते, तेही साधारण सहा ते आठ आठवड्यांतून एकदा. म्हणजे वर्षाकाठी सहा-आठ पिल्लं. ज्या बेटावर गोगलगाय खाणारी दुसरी गोगलगाय कधीच नव्हती, तिथे एवढी पैदास पुरेशी होती. मोजकीच पिल्लं, पण पुरती वाढलेली, अशी तिची रीत. मारणारा आला की ही रीत सर्वांत आधी मोडते.

कीड आली कुठून

आपल्याकडे शेतकरी जिला शंखी म्हणतात ती अचॅटिना फुलिका, मूळची पूर्व आफ्रिकेची. भारतात ती १८४७ मध्ये कोलकात्यात पोहोचली. विल्यम बेन्सन यांनी मॉरिशसहून आणलेल्या गोगलगायी तिथे सोडल्या गेल्या. पॅसिफिकमध्ये ती माणसाबरोबर बेटाबेटाने सरकत १९६७ मध्ये ताहितीला आली आणि तिथून शेजारच्या बेटांवर गेली. एका खेपेला शे-दोनशे अंडी, वर्षात अशा अनेक खेपा, आणि केळी, पपई, भाजीपाला, जे मिळेल त्यावर ताव. काही वर्षांतच परसबागा आणि शेतं तिने भरून गेली.

लोक वैतागले होते, आणि त्यांचं नुकसान खरं होतं. निर्णय घेणाऱ्यांना मूर्ख ठरवून हे प्रकरण गुंडाळता येणार नाही. त्यांच्यासमोर खरी कीड होती, खऱ्या तक्रारी होत्या आणि ‘फवारणीपेक्षा नैसर्गिक शत्रू बरा’ हा त्या काळचा पुढारलेला विचार होता.

उपाय म्हणून अमेरिकेच्या आग्नेय भागातली, फ्लोरिडाकडची युग्लँडिना रोझिया ही शिकारी गोगलगाय निवडली गेली. १९७४ मध्ये ती ताहितीवर आणि मार्च १९७७ मध्ये मूरेआवर सोडली. हवाई बेटांवर हीच गोगलगाय याच कामासाठी १९५५ मध्ये सोडलेली होती. म्हणजे हाताशी वीस वर्षांचा अनुभव होता. हवाईतल्या ‘अचॅटिनेला’ नावाच्या स्थानिक वृक्ष-गोगलगायी आधीच अडचणीत होत्या आणि नवी शिकारीण त्यांनाही खाते, हे दिसत होतं. तरी मूरेआवर सोडण्यापूर्वी पार्टुलाला तिच्यासमोर ठेवून ती खाते की नाही, एवढी साधी चाचणीही निर्णयाचा भाग बनली नाही. आमच्या मते चूक नेमकी इथे झाली. एक काचेचं भांडं, दहा पार्टुला आणि एक युग्लँडिना, यावरून उत्तर आठवड्याभरात हाती आलं असतं.

वर्षाला सव्वा किलोमीटर

सोडलेल्या ठिकाणापासून युग्लँडिना शेतात थांबली नाही. ती जंगलात शिरली आणि वर्षाला साधारण १.२ किलोमीटर वेगाने पसरत गेली. तिच्या पसरण्याची कड ज्या दरीत पोहोचे, त्या दरीतल्या पार्टुला थोड्याच काळात नाहीशा होत. संशोधकांची जुनी नोंदीची ठिकाणं ठरलेली होती, त्यामुळे हे नकाशावर अक्षरशः रेघ ओढून दाखवता येत होतं: रेघेच्या अलीकडे रिकामी कवचं, पलीकडे जिवंत गोगलगायी.

क्लार्क, मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये हे छापून मांडलं. तोवर एक जात, पार्टुला ऑरांशिया, जंगलातून गेलेली होती. पसरण्याचा वेग पुढे मोजून त्यांनी सांगितलं की जवळपास सगळ्या उरलेल्या जाती १९८६-८७ पर्यंत संपतील. १९८७ च्या शोधात मूरेआवर एकही जिवंत पार्टुला मिळाली नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी पार्टुला टेनिआटाचे अगदी तुरळक अवशेष आढळले, पण सात जातींचं भरलेलं जंगल गेलं ते गेलंच. लाखो वर्षांत घडलेलं सगळं दहा वर्षांत संपलं, आणि विशेष म्हणजे ते आधी सांगून संपलं.

शिकार कशी चालते, आणि चुकीचीच का होते

गोगलगाय चालते तिथे चिकट द्रवाचा माग राहतो. युग्लँडिनाच्या तोंडाच्या दोन्ही बाजूंना लांब ओठासारखी स्पर्शेंद्रियं असतात. ती जमिनीला, सालीला, पानाला टेकवत ती चालते. माग लागला की त्यातल्या रसायनावरून तो कोणाचा हे तिला कळतं आणि ती त्यावरून सुटते. वेग भक्ष्याच्या दोन-तीन पट, त्यामुळे पाठलाग सुरू झाला की सुटका नाही. झाडावर चढणं तिला अवघड नाही. छोटी गोगलगाय ती कवचासकट गिळते, त्यातून कवचाला लागणारा चुनाही मिळतो. मोठी असेल तर तिच्या कवचाच्या तोंडातून आपलं लांबट अंग आत घालून मांस ओरबाडून खाते.

आता या शिकारिणीसमोर दोन प्रकारचं भक्ष्य ठेवा. पूर्ण वाढलेली शंखी दहा सेंटिमीटर आणि त्याहून मोठी, जाड कवचाची. तिला खायला कष्ट फार, म्हणून युग्लँडिना तिची पिल्लंच खाते. पिल्लं कितीही खाल्ली तरी पुढच्या पावसात एक मादी शे-दोनशे अंडी टाकतेच (खरं तर प्रत्येक शंखी नर-मादी दोन्ही असते, म्हणजे प्रत्येकीच अंडी घालते). उलट पार्टुला एक-दोन सेंटिमीटरची, पातळ कवचाची, पूर्ण वाढ झालेली असली तरी एका घासाची. खाल्ली गेलेली प्रत्येक पार्टुला भरून काढायला दोन-दोन महिने लागणार. शिकारीण स्वतः एका वेळी २५ ते ३५ अंडी घालते. हा हिशेब पार्टुलाच्या बाजूने जुळण्याची शक्यता पहिल्या दिवसापासून नव्हती.

यात आणखी एक पेच आहे आणि तो सहज नजरेतून सुटतो. एकाच भक्ष्यावर जगणारा शिकारी भक्ष्य कमी झालं की स्वतःही कमी होतो, आणि भक्ष्याला सावरायला थोडी फुरसत मिळते. युग्लँडिना एकीवर अवलंबून नव्हती. शेताकडे शंखीची पिल्लं, जमिनीवर इतर बारीक गोगलगायी, झाडांवर पार्टुला. पार्टुला दुर्मीळ झाली तरी तिचं पोट इतरांवर भरत राहिलं, आणि शेवटची पार्टुला सापडेपर्यंत तिची संख्या टिकून राहिली. म्हणजे कीड म्हणून जी संपवायची होती तीच शिकारिणीला पोसत होती.

आणि शंखी? ती आटोक्यात आल्याचं श्रेय अनेक बेटांवर युग्लँडिनाला दिलं गेलं. पण नव्या जागी आली की शंखीची संख्या आधी भडकते आणि काही वर्षांनी आपोआप ओसरते, हे जिथे कोणताही शिकारी सोडला नव्हता तिथेही दिसलेलं आहे. तेव्हा ‘सोडली आणि कमी झाली’ एवढ्यावरून ‘सोडली म्हणून कमी झाली’ असं म्हणता येत नाही.

इतर कारणं तपासली का?

जंगलतोड, उंदीर, शंखांचे हार करणारे, दुष्काळ: एखादी जात नाहीशी झाली की ही नेहमीची संशयित मंडळी. मूरेआवर ती सगळी थोडीफार होती. पण त्यांपैकी एकीवरही ठपका ठेवता येत नाही, कारण ज्या दऱ्यांतलं जंगल जसंच्या तसं उभं होतं तिथूनही पार्टुला गेल्या. उंदीर बेटावर आधीपासूनच होते आणि पार्टुला त्यांच्यासह टिकून होत्या. नाहीसं होण्याचा क्रम युग्लँडिनाच्या पसरण्याच्या क्रमाशी दरीगणिक जुळत होता.

सर्वांत मोठा पुरावा त्याच बेटसमूहातल्या राईआतेआ बेटाने दिला. तिथे पार्टुलाच्या तीसहून अधिक जाती होत्या आणि मूरेआ रिकामं होत असताना त्या शाबूत होत्या. १९९० च्या आसपास युग्लँडिना तिथे पोहोचली आणि काही वर्षांत तिथेही तेच घडलं. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात संपूर्ण सोसायटी बेटांवर ६१ पैकी जेमतेम ५ जाती जंगलात उरल्याची नोंद आहे.

ज्या उरल्या त्या का उरल्या, हा भाग आम्हाला फार मोलाचा वाटतो. ताहितीवरची पार्टुला हायालिना ही पांढऱ्या कवचाची जात दऱ्यांच्या कडेने, उन्हाच्या जागी तग धरून होती. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी मिलीमीटरमध्ये मोजावा लागेल एवढा, स्वतःच्या छोट्या सौरघटावर चालणारा संगणक वापरून उजेड मोजला. युग्लँडिनाच्या कवचावर तो थेट चिकटवला. पार्टुला संरक्षित असल्यामुळे तिला हात न लावता ती ज्या पानावर बसली होती त्या पानावर ठेवला. पार्टुला हायालिनाच्या जागी सरासरी दहापट ऊन निघालं. पांढरं कवच ऊन परतवतं म्हणून ती तिथे निभावते. शिकारीण तेवढ्या उन्हात सुकेल, म्हणून दिवसा त्या पट्ट्यात येत नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेलं हे काम जंगलाच्या कडेची उघडी झुडपं का जपायची याचं मोजलेलं कारण देतं.

डब्यांत वाचवलेल्या गोगलगायी

१९८० च्या दशकात आणि राईआतेआच्या वेळी १९९० च्या सुरुवातीला जेवढ्या जिवंत पार्टुला हाती लागल्या तेवढ्या विद्यापीठांत आणि प्राणिसंग्रहालयांत नेल्या. लंडन, एडिंबरा, जर्सी, ब्रिस्टल, डेट्रॉइट, सेंट लुईस अशा ठिकाणी त्या डब्यांत वाढवल्या गेल्या. आतून ओलसर कागद, वीस अंशांच्या थोडं वर तापमान. खाणं म्हणजे वाळलेल्या खाजकोलटीच्या पाल्याची पूड, गवताच्या गोळ्या, ओट, माशांचं खाद्य, आणि चुन्यासाठी कटलफिशच्या हाडाची भुकटी, असं एकत्र कालवून.

ऐकायला सोपं वाटतं, पण दशकानुदशकं चालवायला फार कठीण. राईआतेआच्या पार्टुला टर्जिडाची शेवटची गोगलगाय जानेवारी १९९६ मध्ये लंडन प्राणिसंग्रहालयात मेली. त्या वसाहतीचा घात एका सूक्ष्म परजीवीने केला. रोगामुळे एक अख्खी जात संपल्याचं हे पहिलं पक्कं उदाहरण मानलं जातं. पार्टुला लाब्रुस्का २००२ मध्ये गेली. १७६९ मध्ये कॅप्टन कुकच्या सफरीत पहिल्यांदा गोळा झालेली पार्टुला फाबा फेब्रुवारी २०१६ मध्ये एडिंबऱ्यात संपली. एकाच डब्यात सगळी जात असेल तर एक साथ पुरते. त्यामुळे एका जातीच्या वसाहती वेगवेगळ्या देशांत विभागून ठेवायच्या, डब्यांची देवाणघेवाण टाळायची, विष्ठा तपासून परजीवी आहेत का पाहायचं, हे नियम पुढे कडक झाले.

मधल्या काळात १९९४ मध्ये मूरेआवर एक कुंपण उभारलं गेलं. २० मीटर गुणिले २० मीटरचा जंगलाचा तुकडा, भोवती गोगलगायीला ओलांडता येणार नाही अशी भिंत, तिच्यावर मिठाची पन्हळ आणि विजेची तार. कल्पना चांगली होती. पण जंगलात झाडाची फांदी पडते, वेल भिंतीवर चढते, पावसाने मीठ विरघळतं, तारेतला प्रवाह पाल्याने जमिनीत उतरतो. यांतलं एकच काही रात्री दुर्लक्षित राहिलं की युग्लँडिनाला पूल मिळतो, आणि तसंच झालं. शिकारीण आत शिरली. कुंपण उभं करायला पैसा लागतो तो एकदाच. राखायला माणूस रोज लागतो. अडथळ्यावर भिस्त ठेवणाऱ्या प्रत्येक योजनेत हा खर्च पहिल्या पानावर लिहायला हवा.

जंगलात परत सोडण्याचं काम २०१५ पासून नेटाने सुरू झालं. लंडनहून १५ हजार किलोमीटरचा प्रवास करून गोगलगायी बेटांवर येतात, प्रत्येकीच्या कवचावर अतिनील उजेडात चमकणाऱ्या रंगाचा ठिपका असतो, आणि त्या झाडांवर सोडल्या जातात. २०२३ मध्ये एका खेपेत पाच हजारांहून अधिक सोडल्या. ठिपक्याचा उपयोग साधा पण नेमका आहे: रात्री अतिनील टॉर्च फिरवला की सोडलेल्या गोगलगायी चमकतात. न चमकणारी पूर्ण वाढलेली गोगलगाय सापडली तर ती तिथेच जन्मलेली असते. सप्टेंबर २०२४ मध्ये मूरेआवर पार्टुला तोहिवेआनाची अशी एक बिनठिपक्याची सापडली. त्यामुळे जंगलातून नामशेष या यादीतून ती जात बाहेर आली. आता ती अतिसंकटग्रस्त आहे. सोडण्याच्या कामाला जवळपास दहा वर्षं आणि त्याआधीच्या पाळणुकीला तीस वर्षं द्यावी लागली, तेव्हा हा एक बदल झाला. धोकाही टळलेला नाही. युग्लँडिना थोडी कमी झाली असली तरी बेटावर आहे, आणि आता न्यू गिनीचा गोगलगायी खाणारा चपटा कृमी, प्लॅटिडेमस मानोक्वारी, पुढे सरकतो आहे. हा कृमीसुद्धा काही बेटांवर शंखीसाठीच मुद्दाम सोडला गेला होता.

सोलापुरात याचा हिशेब

पहिलं म्हणजे, परदेशी जीव आणणं कोणा शेतकऱ्याच्या वा दुकानदाराच्या मर्जीवर नाही. १९१४ चा विनाशकारी कीड कायदा आणि २००३ चा वनस्पती विलगीकरण आदेश यांखाली परवानगी लागते, आणि मित्रकीटक बंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन संस्थेच्या विलगीकरणातून जातात. ही प्रक्रिया वेळ घेते म्हणून तिच्यावर चिडण्याचं कारण नाही. मूरेआवर हाच वेळ वाचवला गेला होता.

जैविक नियंत्रणच वाईट, असा अर्थ मात्र काढू नये. पपईवरच्या पिठ्या ढेकणासाठी २०१० मध्ये प्वेर्तो रिकोहून आणलेली अ‍ॅसेरोफॅगस पपायी ही सूक्ष्म गांधीलमाशी भारतात उत्तम यशस्वी झाली. तिची अंडी पिठ्या ढेकणाच्या अंगात वाढतात, दुसरं काही तिला चालत नाही. ढेकूण घटला की तीही घटते. युग्लँडिना आणि ही माशी यांत फरक एवढाच: माशीला भक्ष्य ठरावीक लागतं, युग्लँडिनाला कुठलीही गोगलगाय चालते. कोणताही मित्रकीटक सुचवला गेला की ‘तो आणखी काय काय खातो’ हा प्रश्न ‘तो कीड खातो का’ याच्या आधी विचारावा.

सोलापूरच्या बांधांवरही देशी बारीक गोगलगायी आहेत. दगडांखाली, निवडुंगाच्या बुडाशी, उन्हाळाभर कवचाच्या तोंडावर पडदा ओढून पडलेल्या. त्या कुजका पाला आणि शेवाळ खातात, पिकाला त्रास देत नाहीत. म्हणून शंखीवरचा जो उपाय त्यांना वगळू शकेल तो आधी, बाकीचे नंतर. वगळू शकणारा उपाय एकच आहे: हाताने वेचणी. माणसाचा डोळा शंखीला ओळखतो.

वेचणीची वेळ मृगाचा पहिला चांगला पाऊस पडल्यापासून दोन-तीन आठवडे. त्या काळात उन्हाळाभर दडलेली शंखी एकदम वर येते आणि बहुतेकींनी अजून अंडी घातलेली नसतात. गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी सात-आठ मीटर अंतरावर बांधाकडेने आणि पिकात टाकावेत. पहाटे, ऊन चढायच्या आत, गोणपाट उलटून खालच्या गोगलगायी उचलाव्यात. रबरी हातमोजे घालावेतच, कारण शंखीच्या अंगात उंदराच्या फुप्फुसातला कृमी असू शकतो आणि तो माणसाच्या मेंदूला सूज आणतो. मुलांना हे काम देऊ नये. गावातल्या एकट्या-दुकट्याने वेचून भागत नाही. शेजारच्या बांधावरून शंखी परत येते, म्हणून एका शिवारातल्या सगळ्यांनी एकाच आठवड्यात वेचलं तरच फरक दिसतो.

वेचलेल्या गोगलगायी साबणाच्या किंवा मिठाच्या दाट पाण्यात बुडवून माराव्यात आणि खोल खड्ड्यात चुना टाकून पुराव्यात. मीठ शेतात पसरू नये, मिठाचं पाणीही शेतात ओतू नये. भीमेकाठच्या काळ्या जमिनी आधीच क्षाराने चोपण होत आहेत. शंखीसाठी मीठ टाकून पुढची पिकं घालवणं परवडणार नाही. बांधाकडेने राख किंवा चुन्याचा चार-पाच इंच रुंद पट्टा कोरड्यात चांगला चालतो, पाऊस आला की वाहून जातो, मग पुन्हा टाकावा लागतो.

मेटाल्डिहाईड अडीच टक्क्यांच्या गोळ्या एकरी दोन किलो ही शिफारस आहे, पण ती प्रादुर्भाव वेचणीच्या पलीकडे गेला असेल तिथेच, आणि त्याच पट्ट्यात. संध्याकाळी, पावसाचा रंग नसताना, विखरून टाकाव्यात. ढीग केला तर कुत्री आणि कोंबड्या खातात. कुत्र्याला झटके येऊन काही तासांत जीव जाऊ शकतो. उरलेल्या गोळ्या गोठ्यात वा घरात उघड्या ठेवू नयेत. बांधाच्या दगडांत आणि कुंपणाच्या झुडपांत त्या टाकू नयेत, कारण तिथे देशी गोगलगायीही मरतात.

अंड्यांचा आणि सुप्त शंखीचाही बंदोबस्त करावा. पांढरट-पिवळ्या, ज्वारीच्या दाण्याएवढ्या अंड्यांचे पुंजके ओल्या भुसभुशीत मातीत, पाटाच्या कडेला आणि पाचटाखाली मिळतात. एप्रिल-मे मध्ये नांगरट केली की मातीत दडलेली सुप्त शंखी आणि असतील ती अंडी वर येऊन उन्हात मरतात. डाळिंब आणि पपईच्या बागेत नांगरट शक्य नसते, तिथे ठिबकच्या नळीखालचा पालापाचोळा एका बाजूला ओढून वाळू द्यावा. रोपवाटिकेतून रोपं आणताना पिशवीतली माती बोटाने उकरून पाहावी, कारण जिथे शंखी नव्हती त्या शेतात ती बहुतेक वेळा अशाच पिशवीतून, नाहीतर शेणखताच्या ट्रॉलीतून येते.